मठाच्या गल्लीत काही उणं नाही

नंदिताला निवांत बसलेली पाहिलंय असं सांगणारा माणूस मठाच्या गल्लीत सापडायचा नाही. इडली उभ्यानं, फोन चालताना, आणि स्कूटीवर बसली तरी एक पाय रस्त्याला टेकलेला. समोरच्या ओट्यावरून वसंतामामी तिला काही विचारायला तोंड उघडत, आणि त्यांचा प्रश्न पुरा होईपर्यंत पोरगी गल्लीच्या तोंडाशी पोचलेली असे. "हिच्या पायांना मुंग्या चावतात," असं मामी मग उरलेल्या ओट्याला सांगत.

तिचं कामही तसलंच होतं म्हणा. कुंभकोणममधल्या एका लॅबमध्ये ती नोकरीला होती. भल्या सकाळी उपाशीपोटी वाट बघत बसलेल्या लोकांच्या घरी जायचं, रक्त काढून आणायचं, आणि मग दिवसभर लॅबच्या खिडकीशी उभं राहून रिपोर्ट वाटायचे. हात हलका होता तिचा. म्हातारी माणसं डोळे घट्ट मिटून "झालं कां गे?" विचारायची, तेव्हा ती कापसावर चिकटपट्टी लावत असायची.

पण तिच्या पायांना चावणारी मुंगी वेगळीच होती. घरात आत्या होती, आणि घराला बाहेरून कुलूप होतं.

आत्या म्हणजे धनलक्ष्मी. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन भावाच्या घरी आली, एका कापडदुकानात गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडत तिनं आयुष्य काढलं, आणि नंदिताला लहानाची मोठी केली ती तिनंच. भाऊ गेला. वहिनी नातवंडाला सांभाळायला मुलाकडे होसूरला गेली ती तिकडचीच झाली. राहिल्या या दोघी. गेल्या वर्षापासून आत्याचं चित्त ठिकाणावर राहत नव्हतं. म्हणजे अगदी वेडंविद्रं काही नाही. गप्पा नेहमीसारख्या मारायची, टोमणे नेहमीसारखे. पण दूध शेगडीवर ठेवायची आणि विसरायची. एकदा भर दुपारी नेसत्या साडीनिशी निघाली आणि साक्कोट्टैच्या बसथांब्यावर जाऊन बसली. बस आली की उठायची, बस गेली की बसायची. कुठं जायचंय ते तिला आठवत नव्हतं. शेवटी तिथल्या चहावाल्यानं ओळखून फोन केला. त्या दिवसापासून कुलूप.

लॅबमध्ये नंदिता "आलेच हं" म्हणायची आणि स्कूटीला किक मारायची. घरी येऊन कुलूप उघडायचं, आत डोकवायचं, गॅस बंद आहे ना बघायचं, पुन्हा पळायचं. आत्या खिडकीशी खुर्ची ओढून बसलेली असायची.

"आलीस कां? मज पाहायला आलीस कीं कुलूप पाहायला?"

"तुज पाहायला गे आत्या."

"मी आहें जागेवर. कोठें जाणार? सरकारी पाहुणी मी."

नंदिता हसायची, पण हसू बाहेर पडताना कुलपाशीच अडायचं. जिनं आपल्याला पावलं टाकायला शिकवली तिला आपण कोंडून जातो, हे तिनं कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नव्हतं. लॅबमधल्या मालकांनाही नाही. ते बिचारे समजत की पोरीला पोटाचा काही त्रास असावा. आता पुन्हा असं उठून गेलीस तर दुसरी मुलगी बघावी लागेल, असं मात्र त्यांनी एकदा बजावलं होतं.

गल्लीची रीत इथं सांगायला हवी. गल्लीच्या मध्यावर विठोबाचा छोटा मठ, आणि त्याच्या आजूबाजूला मराठी घरं. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा यांचे पूर्वज इकडं आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, मठात मराठी, आणि उंबरा ओलांडला की तमिळ. ओट्यावर दोन मराठी म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसल्या तरी बोलणार तमिळमध्ये. त्यात कोणाला काही नवल वाटत नाही. आणि जशी भाषा बदलते तसा माणूसही जरा बदलतो. आत भांडण, कण्हणं, सुनेच्या कागाळ्या, गुडघे, सगळं. बाहेर आलं की अंगावर धुतलेलं धोतर, कपाळाला गंध आणि तोंडात एकच उत्तर: "ओरु कुरैयुम् इल्लै." काही उणं नाही. कोणी कितीही आपुलकीनं विचारलं तरी उणं काही नसतंच.

तर त्या वॉर्डाच्या नगरसेविका शिवकामी. बाई कामाच्या होत्या, पण त्यांच्या वॉर्डसभेला माणसं यायची नाहीत. जी यायची ती गटार आणि दिव्यांवर भांडून घरी जायची. या वेळी त्यांनी ठरवलं की गल्लीला काय हवं ते गल्लीतल्या तरुण मुलांनी शोधून आणावं. गल्लीत तरुण होतेच किती? बरेचसे चेन्नई, बंगळूर गाठून बसलेले. उरलेल्यांत नंदिता, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणारा रविशंकर, आणि कोपऱ्यावरच्या तमिळ घरातली कीर्ति, जी कॉलेजात समाजकार्य शिकत होती आणि हे काम मिळाल्यावर आनंदानं वेडी झाली होती.

मठापलीकडं बालवाडीची एक खोली होती. बालवाडी नव्या इमारतीत गेल्यापासून ती बंद. नंदितानं पहिल्याच बैठकीत त्या खोलीवर बोट ठेवलं. "दुपारी म्हाताऱ्या माणसांना बसायला द्या. आम्ही मुलं आळीपाळीनं थांबू. पंखा आहे, अंगण आहे, कोणी हरवणार नाही."

शिवकामींनी ऐकून घेतलं. "कल्पना चांगली आहे, पण फुलबाजारवाल्यांना ती खोली पाडून गाड्या लावायला जागा हवीय. ते दर सभेला येऊन बसतात. तुमच्या म्हाताऱ्या माणसांनी कधी येऊन काही मागितलंय? त्यांच्या तोंडून येऊ दे, मी त्यांच्या बाजूनं उभी राहीन. तुमच्या तोंडून नको."

"येईल की," नंदिता म्हणाली. तिला त्यात काही शंकाच वाटली नाही. रोज सकाळी ती ज्यांच्या दंडाला रबराची पट्टी बांधायची, ती सगळी माणसं तिच्यापुढं रडायची.

ती कामाच्या गडबडीत, म्हणून विचारायला कीर्ति आणि रविशंकर निघाले. ओट्याओट्यावर थांबले. दुपारी एकटं वाटतं का? कोणी सोबत असावं असं वाटतं का? औषध वेळेवर घेता का? कीर्तिनं प्रश्न अगदी आदरानं, गोड तमिळमध्ये विचारले. माणसांनीही त्याहून गोड उत्तरं दिली. कॉफी पाजली. केळी दिली. मुकुंदराव तर म्हणाले, "मला काय कमी आहे पोरी? मुलगा सिंगापूरला, सून सोन्यासारखी, विठ्ठलाची कृपा." वसंतामामींनी कीर्तिच्या आईची चौकशी केली, तिच्या लग्नाची केली, स्वतःच्या चौकशीला मात्र हात लावू दिला नाही.

भर दुपारी कीर्ति नंदिताच्या दारापाशी पोचली. नंदिता नुकतीच स्कूटीवरून उतरली होती. हातात किल्ली होती. ओट्यावर वसंतामामी आणि आणखी दोघी.

"अक्का, तुमचं घर राहिलंय. तुमच्याकडं कोणाला..."

"आमच्याकडं काही नको," नंदितानं तमिळमध्ये झटक्यात उत्तर दिलं. "आमचं सगळं व्यवस्थित आहे." किल्ली तिनं मुठीत दाबून धरली, कीर्ति पुढच्या घराकडं वळेपर्यंत.

संध्याकाळी तिघं कॉफीच्या गाडीपाशी जमले. रविशंकर गाडीला टेकून पितळी पेल्यातली कॉफी वाटीत वरखाली ओतत होता.

"झालं. गल्ली सुखात आहे. सगळी गल्ली! आपल्या गल्लीत कोणी आजारी नाही, कोणी एकटं नाही. पाहिजे तर आपणच म्हातारे होऊन तिथं बसू."

"खोटं बोलतात सगळे!" नंदिता भडकली. "मुकुंदमामा दर वेळी मला धरून ठेवतात. सुई काढली तरी हात सोडत नाहीत. आणि तुम्हाला सांगतात काही कमी नाही? माणसांना स्वतःचंच भलं कळत नाही, मग आपण कशाला मरायचं?"

कीर्ति कॉफी प्यायची थांबली. ती एरवी नंदिताला उलट बोलत नसे.

"अक्का, तुम्हीपण तेच सांगितलंत."

"मी?"

"दुपारी. सगळं व्यवस्थित आहे म्हणालात. हातात किल्ली होती तुमच्या. आत तुमच्या आत्या बसलेल्या मला खिडकीतनं दिसत होत्या."

नंदितानं पेला गाडीवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. रविशंकर रस्त्याकडं बघू लागला. तोही त्याच गल्लीतला, त्यालाही कुलूप माहीत होतं. माहीत सगळ्यांना होतं. नंदिता स्कूटी घेऊन निघाली. महामहम तळ्याला तिनं एक चक्कर घातली, मग दुसरी, कुठं थांबावं ते न कळून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं घर मुकुंदरावांचं. आतल्या खोलीत त्यांनी दंड पुढं केला आणि सुरू झाले. सुनेचा फोन आला नाही. साखर वाढली. काल दुपारी पडवीत घसरलों, भिंत धरून धरून उठलों, हाक ऐकायला कोण आहे?

"मामा," नंदितानं मराठीतच विचारलं, "तुम्ही काल पोरांना काय सांगितलेंत?"

"तें? तें बाहेर कीं गे." मुकुंदरावांना प्रश्नच कळेना. "ओट्यावर बसून कोण आपलें गाऱ्हाणें सांगतो? तू सांगतेस काय?"

नंदितानं कापूस जरा जास्तच जोरानं दाबला, आणि मामा "हळू गे!" म्हणून ओरडले.

दिवसभर तिचं लक्ष कामात नव्हतं. तिला दिसत होतं की प्रश्न चुकीचे नव्हते, जागा चुकीची होती. बाहेर विचारलं तर बाहेरचं उत्तर येणार. पण घरात सांगितलेलं शिवकामींच्या कानावर कसं जायचं? त्या घराघरात शिरणार थोड्याच! रिपोर्ट देता देता तिनं एका माणसाचा रिपोर्ट दुसऱ्याला दिला, तो परत आणायला बसस्टँडपर्यंत धावली, आणि तिथून परत येताना तिला मठ आठवला. उंबऱ्याबाहेर असून जिथं सगळे बेधडक मराठी बोलतात अशी एवढी एकच जागा. तिथं प्रसादाच्या पंगतीत माणसं एकमेकांना वाटेल ते ऐकवायची.

ती तशीच शिवकामींच्या घरी गेली. "अम्मा, सभा आमच्या मठात घ्या."

"मठात? मला तुमची भाषा येत नाही गं."

"रविशंकर सांगेल तमिळमध्ये. तुम्ही नुसतं या. आणि ओळखीच्या कोणाला म्हणू नका की सभा आहे. भजन आहे म्हणा."

शिवकामी हसल्या. "मतं मागायला मी पुष्कळ देवळांत गेलेय. फसवून नेणारी तू पहिलीच."

शनिवारी भजन झालं. आरती झाली. हातावर प्रसादाचं सुंडल, खोबरं घातलेले उकडलेले हरभरे, पडले. मग शिवकामी उठून उभ्या राहिल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या की आता गल्लीबद्दल दोन शब्द बोलू. झालं! बसलेल्या माणसांच्या पाठी ताठ झाल्या, पदर सारखे झाले, आणि मुकुंदरावांनी हात जोडून आपलं ठेवणीतलं वाक्य काढलंच: "अम्मा, तुमच्या कृपेनं..."

रविशंकरनं कपाळाला हात लावला. कुठून तरी सभेचा सुगावा लागलेला फुलबाजाराचा एक माणूस दाराशी उभा होता, तो आत सरकला.

नंदिता मागं खांबाशी उभी होती. आत्या पुढं बसली होती, टाळ मांडीवर घेऊन, आज चांगली खुशीत. हे बोलायचं तर आत्याच्या पाठीमागं नको, तिच्या देखत नको, कुठंच नको, असं नंदिताला वाटत होतं. तिचे पाय दाराकडं ओढत होते. तिनं एकदा चप्पल कुठं काढली तेसुद्धा बघून ठेवलं. आणि मग ती बोलली. मराठीत, घरात बोलतात तसं, मोठ्यानं.

"मी आत्याला कोंडून जातें."

मुकुंदरावांचे जोडलेले हात खाली आले.

"रोज जातें. बाहेरून कुलूप लावून. दुसरें काय करूं मज सुचत नाही. नोकरीवर लक्ष लागत नाही, घरीं आलें कीं तिच्या तोंडाकडे पाहवत नाही. आणि पोरांनी विचारलें तेव्हां मी सांगितलें, काही उणें नाही." तिचा आवाज फाटला. "तुम्हीपण तेंच सांगितलेंत. आपण सगळे खोटे."

सगळ्यांचे डोळे आत्याकडं गेले. आत्यानं सावकाश टाळ खाली ठेवले.

"एवढें सांगायला इतके महिने?" ती म्हणाली. "मी म्हटलें, पोरीला जीभ आहे कीं नुसत्या सुया." मग ती वळून वसंतामामींकडं बघत म्हणाली, "आणि तूं गे वसंता? रोज समोरून पाहतेस. खिडकीशी येऊन दोन शब्द बोललीस कधी?"

"मी कशी येऊं?" वसंतामामी एकदम मराठीत उसळल्या. "कुलूप लावलेल्या घराशी जाऊन बोलायचें म्हणजे तुझा अपमान नव्हे कां? आणि मज कोण आहे? दुपारी ओट्यावर बसतें ती हौसेनें काय? आत भिंती खायला उठतात!"

मग जे सुरू झालं ते थांबेना. गुडघे निघाले, पोरांचे न आलेले फोन निघाले, मुकुंदरावांची पडवी निघाली. "तुम्ही पडलांत? आणि आम्हाला सांगितलें नाही?" "तूं तरी कोठें सांगतेस?" दोन बहिणींचं जुनं भांडणही त्यातच उरकून झालं. रविशंकर शिवकामींच्या कानाशी भाषांतर करता करता घामाघूम झाला. एक वाक्य सांगेपर्यंत चार निघून जात. शेवटी त्यानं हात टेकले. "अम्मा, सगळ्यांना हवीय खोली. बाकी शिव्या आहेत."

"त्या कळल्या मला," शिवकामी म्हणाल्या.

त्यांनी पूर्ण खोली दिली नाही. आठवड्यातून तीन दुपारी, त्याही पावसाळा संपेपर्यंत. मुलांनी स्वतः चालवून दाखवायची. खोली रिकामी पडलेली दिसली तर फुलवाल्यांची गाडी लागेल. "मी वाईट ठरेन, पण मग माझ्याकडं येऊ नका," असंही त्यांनी सांगून टाकलं. फुलबाजाराचा माणूस हसत हसत बाहेर पडला. त्याला गल्ली चांगली ठाऊक होती.

आणि ते खरंच होतं. पहिल्या सोमवारी खोली झाडून, चटया पसरून, पाण्याचं मडकं भरून कीर्ति दाराशी उभी राहिली, आणि कोणी येईना. मठात सगळे बोलले होते, पण मठ मठाच्या जागी. आता भर उजेडात, सगळ्या गल्लीदेखत, आपल्या पायांनी त्या खोलीकडं चालत जायचं होतं. म्हणजे आपल्याला काय कमी आहे ते चालून दाखवायचं. कीर्तिचा फोन आला तेव्हा नंदिता लॅबमध्ये होती. मालकांना ती पहिल्यांदाच खरं कारण सांगून निघाली. त्यांनी नुसता हात हलवला, जा म्हणून.

घरी आत्या तयार होती. नऊवारी नेसलेली, तीही रेशमी, कानात कुड्या.

"लग्नाला चाललीस कां?"

"बाहेर चाललें. बाहेर असेंच जातात."

दोघी निघाल्या. मठापलीकडची खोली म्हणजे लांब ती किती! पण आत्याचा गुडघा आणि रेशमी साडी, दोन्ही सांभाळत चालायचं. नंदितानं तिचा हात धरला होता. इतकं सावकाश ती कधी चालली नव्हती. तिच्या पोटऱ्या दुखू लागल्या, पाऊल आपोआप पुढं पडायचं आणि तिला मागं घ्यावं लागायचं. डोक्यात लॅब, खोली, फुलवाले, दोघीतिघीच आल्या तरी चालेल का, उद्या कोण थांबणार, रविशंकर शब्द पाळेल का. आणि दोन्ही बाजूंना ओटे. ओट्यांवर सगळे. मुकुंदराव वर्तमानपत्राआड.

वसंतामामी पायरीवर होत्या. सवयीनं त्यांनी तमिळमध्येच विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काय धनलक्ष्मी, इतकं नटून कुठं?"

नंदिताच्या ओठांशी उत्तर आलंसुद्धा. देवळात. डॉक्टरकडं. जरा पाय मोकळे करायला. गल्लीत यातलं कुठलंही उत्तर चालून गेलं असतं. आत्यानं तिचा हात दाबला.

"त्या खोलीत," आत्या तमिळमध्ये म्हणाली. खणखणीत, कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगायची तशी. "घरात एकटीला करमत नाही. डोकं चालत नाही, गॅस पेटता राहतो. पोरीला काम करू देत नाही मी. म्हणून चालले."

वर्तमानपत्राची घडी झाली. वसंतामामींनी एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं, मग खांबाला धरून उठायला लागल्या. त्यांना नीट उठता येईना.

"थांब की," त्या म्हणाल्या, तमिळमध्येच. "माझाही गुडघा धड नाही. एवढी घाई कसली?"

नंदितानं आत्याचा हात सोडला नाही. दुसरा हात मामींपुढं केला आणि उभी राहिली.